आरणीतला बटाटा: अजून कोणी लावतं का आरण?

पाचट_पाटील

नमस्कार मंडळी. आमचं गाव खेड तालुक्यात, चासकमान धरणाच्या पाण्यावरचं. यंदा रब्बीला दीड एकर बटाटा आहे, फेब्रुवारीच्या शेवटाला काढणीला येईल. त्यावरून घरात सध्या रोज रात्री जेवताना परिषद भरते. धाकट्या भावाचं म्हणणं, माल निघाला की गोण्या शिवून थेट कोल्ड स्टोरेजला टाकायच्या, भाडं गेलं तर गेलं, डोक्याला ताप नाही. वडिलांचं म्हणणं, बाकीचा कुठं टाकायचा तो टाका पण घरापुरता आणि मे महिन्यात थोडा विकण्यापुरता आरणीत ठेवा, स्टोरेजचा बटाटा गोडूस लागतो, भाजी खाववत नाही. मी पुण्यात नोकरी करणारा शनिवार-रविवारचा शेतकरी, त्यामुळे दोघांनी मिळून मला पंच नेमलंय.

आमच्या मळ्यात चिंचेखाली लागायची ती आरण बंद होऊन बरीच वर्षं झाली, आता तिथे ट्रॉली उभी असते. माझं आपलं मत असं की आरणीत जादू वगैरे काही नव्हती. घरात दहा-बारा माणसं होती, जाता येता कोणीतरी हात घालून बघायचं, म्हणून ती टिकायची. आता घरात आई-वडील, भाऊ, वहिनी. कोण बघणार?

तरी विचारतो. अजून कोणी लावतं का? किती टिकतो माल? आणि पाकोळीचं, म्हणजे बटाट्याला लागणाऱ्या पतंगाचं, काय करता?

टपरीवरचा_चहा

आरण म्हणजे काय ते आधी सांगा की. मी ऐरणीच्या देवा म्हणायला सुरुवात करणार होतो.

पाचट_पाटील

@टपरीवरचा_चहा, सांगतो. झाडाच्या दाट सावलीत जमीन थोडी उकरून, वीतभर नाहीतर हातभर खोल करायची. त्यात बटाट्याचा लांबट ढीग लावायचा, छपरासारखा दोन बाजूंनी उतरता. त्याच्यावर उसाचं पाचट, गवत नाहीतर बाजरीचं सरमाड असा चांगला जाड थर. झालं. ना वीज, ना भाडं. आमच्याकडे कांद्यालाही आरणच म्हणतात.

खडूस_आजोबा

पाटील, तुमचा प्रश्न रब्बीचा आहे. आमचं सातगाव पठार, आंबेगाव तालुका. आमचा बटाटा खरिपाचा, पावसावरचा. जूनमध्ये पाऊस झाला की लागवड, गणपती उठले की काढणी सुरू, दसऱ्यापर्यंत रान मोकळं आणि मग त्याच रानात ज्वारी. बटाट्याला घातलेल्या शेणखताचा कस जमिनीत राहिलेला असतो, त्यावर ज्वारी अशी यायची की रानात शिरलेला माणूस दिसायचा नाही.

आता जुनी पद्धत विचारताच आहात तर सांगतो, सुनेला टाइप करायला बसवलंय.

उन्हाळ्यात धनगराच्या मेंढ्या रानात बसवायच्या. एका रानात किती रात्री बसवायच्या ते आधी ठरायचं, मोबदला धान्यात. सकाळी मेंढ्या उठल्या की त्या जागेवर लेंड्यांचा थर, मुताचा वास नाकात जायचा, पण त्या पट्ट्यातला बटाटा आणि शेजारच्या पट्ट्यातला बटाटा यात फरक डोळ्यांनी दिसायचा. कुठल्या गोणीतलं खत आणून टाकाल त्याची सर याला नाही. मग बेणं. बेणं मंचरच्या बाजारात यायचं, पंजाबकडचं, जालंधरचं. खरिपाला बेणं कापायचं नाही, आख्खं लावायचं, अंड्याएवढं. पावसाळ्यात कापलेली फोड मातीत सडते. रब्बीला कापतात ते चालतं, कापल्यावर फोडी सावलीत पसरून सुकवायच्या, प्रत्येक फोडीला दोन डोळे तरी पाहिजेत.

लागवड नांगरामागे. पुढं बैल, मागं बाया ओटीत बेणं घेऊन, वीत वीत अंतरावर टाकत चालायच्या. पुढचं तास मागच्यावर माती लोटायचं. महिन्याभरानं खुरपणी आणि मातीची भर. भर नीट दिली नाही तर बटाटा उघडा पडतो, ऊन लागलं की हिरवा. हिरवा बटाटा माझ्या आईनं कधी चुलीवर चढवला नाही, म्हशीलाही घालू द्यायची नाही.

काढणीला सावड. आज तुमच्याकडं, उद्या आमच्याकडं, मजुरीचा विषय नाही. दुपारी बाजरीची भाकरी आणि त्याच रानातल्या बटाट्याचं कालवण.

आरण आमच्याकडं दिवाळीपर्यंतच. परतीचा पाऊस आला की बघायला नको, खालून ओल चढायची. त्यामुळे आमची आरण चढावर, आणि भोवती चर खणलेला.

काकडीवाला

आजोबा, सुनेला आमचाही नमस्कार सांगा. पोस्ट झकास.

खडूस_आजोबा

मी सून. नमस्कार पोचला. ते अजून बोलतायत, मी टाइप करणं थांबवलंय.

बेळगावचा_कुंदा

आमच्याकडं बेळगाव-खानापूर भागात पण खरिपाचाच की ओ. तांबडी माती, त्यातला बटाटा दिसायलाच वेगळा, सालीला माती धरून असतेय. मार्केटात आग्रा बटाटा, इंदूर बटाटा अशा पाट्या लावतात, पण लोकल बटाटा आला की बायका आधी तिकडं वळतात. साठवायचं म्हणाल तर आमच्यात आरण-बिरण नाही, निदान मी तरी बघितलेली नाही. काढला की पोत्यात, पोतं की मार्केटात. घरचा तेवढा माळ्यावर अंधारात पसरून, खाली वाळू. ऐन पावसात काढलेला बटाटा ठेवायचा म्हणजे पोरखेळ नव्हं.

माती_परीक्षक

शेती पदवीचा वापर करायची संधी क्वचित मिळते, म्हणून लांबण लावतोय, माफी असावी.

पाटलांचा खरा प्रश्न पाकोळीचा आहे. ही बया मूळची आपली नाही. 1906 च्या सुमारास इटलीहून मुंबई इलाख्यात बेण्याचे बटाटे आले, त्यांच्याबरोबर आली असं पुस्तकात आहे. आता शंभरावर वर्षं झाली, रेशनकार्ड द्यायला हरकत नाही. पतंग छोटासा, राखाडी, संध्याकाळनंतर हिंडतो. अंडी घालतो बटाट्याच्या डोळ्यापाशी. अळी डोळ्यातून आत शिरते आणि आत बोगदे पाडते. बाहेरून ओळखायची खूण म्हणजे डोळ्याशी काळपट भुकटी साठलेली दिसते, ती तिची विष्ठा. अशा एका बटाट्यापासून पुढची पिढी सगळ्या ढिगाला धरते, आणि ज्या बोगद्यातून अळी गेली तिथून कूज शिरते. आरण बसली, म्हणजे ढीग आतून सडला, असं आपण म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा सुरुवात पाकोळीने केलेली असते.

यावर उपाय आरणीत नाही, शेतात आहे:

भर चांगली द्या, जमिनीला भेगा पडू देऊ नका. भेगेतून पतंग बटाट्यापर्यंत पोचतो. काढणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडा, पाला कापून रानाबाहेर काढा आणि बटाटा मातीत तसाच राहू द्या, साल पक्की होते. अंगठ्याने घासून साल सुटली तर अजून थांबा. काढलेला बटाटा रात्रभर रानात उघडा ठेवायचा नाही म्हणजे नाही, दिवस मावळायच्या आत झाकलाच पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच बटाट्याच्या पाल्याने ढीग झाकू नका. पाल्यात अळ्या असतात, पाला सुकला की त्या खाली बटाट्यात उतरतात. आपणच जिना लावून दिल्यासारखं आहे ते.

आरणीत खाली-वर कडुनिंबाचा, निलगिरीचा किंवा घाणेरीचा सुकलेला पाला घाला. घाणेरीच्या पाल्याची शिफारस संशोधन केंद्रांनीही केलेली आहे. बांधावर फुकट मिळते.

खडूस_आजोबा

आम्ही जन्मभर बटाट्याच्या पाल्यानेच ढीग झाकले. काही झालं नाही.

माती_परीक्षक

आजोबा, तुमची आरण दिवाळीला मोडायची. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गारव्यात पाकोळी सावकाश वाढते. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात तिच्या पिढ्यांवर पिढ्या निघतात. पाटलांची आरण ऐन उन्हाळ्यातली आहे.

खडूस_आजोबा

हे पटलं. पण उगाच जिना वगैरे म्हणू नये.

शेवगा

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. आमच्याकडे शिरूर तालुक्यात आरणीवर गॅमेक्सिनची, म्हणजे कीटकनाशकाची, पावडर धुरळायचे. डब्याला भोकं पाडून, मिठासारखी. हाताने कालवायचे आणि तोच हात धोतराला पुसायचे. त्याच आरणीतला बटाटा घरात शिजायचा. 1997 मध्ये ती बंद झाली तोवर निदान आमच्या गावात तरी त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्यामुळे गावरान म्हणजे विषमुक्त हे जरा जपून.

टपरीवरचा_चहा

बापरे. माझी भूक गेली.

माईची_सून

साठवणीचा एवढा ऊहापोह चाललाय आणि एकाही बाप्याने किसाचं नाव काढलं नाही, कमाल आहे.

आमच्याकडे आरण बसायला लागली की सासूबाई फर्मान काढायच्या. निवडलेला बदला माल, म्हणजे कुदळ लागलेला, थोडा किडका, फुटलेला, तो सगळा ओट्यावर यायचा. किडका भाग काढून टाकून बाकीचा किसायचा. पहाटे चारला चूल, हंड्यात पाणी, त्यात मीठ आणि तुरटीचा खडा फिरवायचा, कीस दोन-तीन पाण्यांतून धुवायचा (पांढरं पाणी जाईपर्यंत), मग उकळत्या पाण्यात एक चटका द्यायचा. जास्त शिजला तर लगदा, कमी शिजला तर वाळल्यावर काळा. तो क्षण सांगता येत नाही, कीस पारदर्शक दिसायला लागला की झाऱ्याने उपसायचा. मग गच्चीवर जुनी धुतलेली धोतरं पसरून त्यावर वाळत घालायचा. संध्याकाळपर्यंत खडखडीत. पत्र्याच्या डब्यात भरला की पुढच्या आषाढी-श्रावणापर्यंत बघायला नको. उपासाला तळायचा, वर दाण्याचा कूट, तिखट-मीठ-साखर.

वेफर्स वेगळे, बटाटा-साबुदाण्याच्या चकल्या वेगळ्या, पापड्या वेगळ्या. आरणीतला बटाटा मेपर्यंत, आमचा डब्यातला वर्षभर. कोणाची साठवण भारी सांगा.

काकडीवाला

माईची सून जिंकली. धागा बंद करा.

हरभऱ्याचं_झाड

पांढरं पाणी फेकू नका हो, ते खाली बसू द्या, स्टार्च मिळतो. आमची आई त्यात आजोबांच्या टोप्या खळ करायची.

माईची_सून

@हरभऱ्याचं_झाड, फेकतंय कोण? साड्यांना वापरायचो.

अँडीजचा_लामा

अवांतर होतंय पण किसाच्या मावशीचं नाव सांगून जातो. पेरू-बोलिव्हियात डोंगरावर रात्री बटाटे उघड्यावर गोठवतात, दिवसा उन्हात सुकवतात, पायाने तुडवून पाणी काढतात. काही दिवसांत दगडासारखा टणक पण हलका बटाटा तयार होतो, त्याला चुन्यो म्हणतात. तो वर्षानुवर्षं टिकतो. बटाटा मुळात तिकडचाच, त्यामुळे साठवण्याची अक्कलही तिकडे आधी आली. लिमाला आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे, 1971 पासूनचं, तिथे हजारो वाणं सांभाळून ठेवली आहेत, जांभळी, काळी, वेडीवाकडी.

टपरीवरचा_चहा

पायाने तुडवून? माईच्या सुनेची पद्धतच बरी.

म्युनिकचे_मामा

इथे जर्मनीत जुन्या लोकांच्या घराला तळघर असतंच. ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्याकडून पोतंभर बटाटा घ्यायचा, लाकडी फळ्यांच्या खोक्यात अंधारात ठेवायचा, वसंत येईपर्यंत पुरवायचा. माझे घरमालक ऐंशीच्या घरातले आहेत, दर आठवड्याला खाली जाऊन एकेक बटाटा हातात घेऊन बघतात, कोंब खुडतात. त्यांची बायको म्हणते बटाट्यांची एवढी विचारपूस करतो, माझी करत नाही. पाटलांनी माणसांबद्दल जे लिहिलंय ते म्हणून पटलं. पण इथे बाहेर बर्फ असतो, तळघर आपोआप गार. खेडमध्ये एप्रिलला चाळीसच्या घरात पारा, तिथे बटाटा टिकवणं हीच खरी करामत.

इंदौरी_सराफा

इंदूरहून हजेरी. आमच्या माळव्यात तर बटाट्याचं राज्य आहे भिया. फेब्रुवारी-मार्चमध्ये खोदाई, आणि शेतातच झाडाखाली ढीग लावून पेंढ्याने झाकून ठेवायची रीत इथे जुनी आहे. कित्येक लोक अजून लावतात, कारण चिप्सवाले. चिप्सला गोड बटाटा चालत नाही, तळला की लाल-काळा पडतो. दोन-चार डिग्रीच्या स्टोरेजमध्ये बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. ढिगातल्या बटाट्यात ती भानगड कमी. म्हणून मार्च ते मे-जूनपर्यंत ढिगातला माल मागणीत असतो. आता चिप्ससाठी वेगळी स्टोरेजं निघालीयत, दहा-बारा डिग्रीची, त्यात कोंब येऊ नये म्हणून औषधाचा धूर देतात.

म्हणजे पाटील, तुमच्या वडिलांची जीभ खोटं बोलत नाही. फक्त एक करता येतं. स्टोरेजचा बटाटा बाहेर काढून दोन आठवडे घरच्या तापमानाला, अंधारात पसरून ठेवला की बरीच साखर उतरते.

वेफरवाली_काकू

इंदौरी दादांना अनुमोदन. माझा घरगुती वेफर्सचा धंदा आहे, चिंचवडला. कढईत पहिली फोडणी, आपलं, पहिला घाणा टाकला की मला कळतं माल कुठला. स्टोरेजचा असेल तर कडा आधी लाल होतात आणि मध्यभाग अजून मऊच. गिऱ्हाईक म्हणतं काकू जळाले. मी उन्हाळ्यात व्यापाऱ्याला सांगून ठेवते, तळेगाव दे नाहीतर इंदूर दे, कोल्ड स्टोरेजमधला देऊ नको. जरा महाग पडला तरी परवडतो, कारण फेकावं लागत नाही.

गणिताचा_तास

भावनांच्या पुरात थोडं पाणी ओततो. पाटील, मेमध्ये विकायला ठेवायचं म्हणता, पण मेमध्ये भाव कोण ठरवतं? तुम्ही-आम्ही नाही. आग्रा आणि तिकडच्या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये कोल्ड स्टोरेजं भरतात आणि पार नोव्हेंबरपर्यंत माल सोडत राहतात. तिकडे पीक जास्त झालं तर गुलटेकडीला, पुण्याच्या मार्केट यार्डात, तुमच्या आरणीला कोणी विचारत नाही. त्यात आरणीत वजन घटतं, बटाट्यातलं पाणी उडतं, थोडी नासाडी धरा, मजुरी धरा. काढणीला शंभर किलो ठेवले तर मेमध्ये शंभर निघत नाहीत हे आधी मान्य करा, मग भावाचा हिशोब. भाऊ बरोबर आहे.

वेफरवाली_काकू

अहो गणित सर, मग थेट माझ्यासारखीला विका ना. मार्केट यार्डात कशाला जाता.

गणिताचा_तास

काकू, दीड एकराचा माल तुम्ही एकट्या घेणार?

वेफरवाली_काकू

दीड एकराचा नाही, पण पाचपन्नास गोण्या माझ्यासारख्या चार जणी मिळून सहज घेतील. फक्त एकसारखा गोळा पाहिजे, मध्येच गोल्टी (बारीक बटाटा) घालायची नाही, आणि हिरवा एकही नको.

कुफरीचंद

वाण कुठलं ते कोणी विचारलंच नाही. पाटील, काय लावलंय? कुफरी ज्योती असेल तर एक गोष्ट, पुखराज असेल तर वेगळी. पुखराज उत्पन्नाला दणकट पण पाणीदार, आरणीत माझा भरवसा नाही. पूर्वी आपल्या भागात कुफरी लवकर असायचा, 1972 साली खास आपल्या पठारी भागासाठी काढलेला. राजगुरुनगरला बटाट्याचं संशोधन केंद्र होतं तेव्हा, त्यामुळे नवीन वाण आमच्या बांधावर आधी यायचं याची तालुक्यात मिजास होती. शिमल्याची बटाटा संशोधन संस्था ज्या वाणांना कुफरी नाव देते ते तिकडच्या कुफरी गावावरून. माझं सदस्यनाम त्यावरूनच आहे, नाहीतर लोकांना वाटतं माझं आडनाव.

पाचट_पाटील

@कुफरीचंद, निम्म्यात ज्योती, निम्म्यात पुखराज. बेणं मंचरहून.

गणित सरांचं म्हणणं पटतं, वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, या सरांना विचार, स्टोरेजमध्ये वीज जाते तेव्हा कोण बघतं.

गणिताचा_तास

जनरेटर बघतो. वडिलांना सांगा. (त्याचं बिल कोणाच्या भाड्यात येतं तेही मीच सांगायला हवं का.)

काळी_आई

बेण्याचं कोणी बोलेल म्हणून थांबले होते. आधी लोक रब्बीचा आरणीतला बटाटा जूनला बेणं म्हणून वापरायचे, कोंब आयतेच आलेले असायचे, पंजाबला पैसे घालवायला नकोत. दोन-तीन वर्षं बरं चालायचं, मग झाड खुजं, पानं वळलेली, बटाटे सुपारीएवढे. आमचे सासरे म्हणायचे बेणं थकलं. थकलं नव्हतं, मावा विषाणू पसरवतो, तो बेण्यातून पुढच्या पिकात जातो. उत्तरेत थंडीत काही आठवडे मावा नसल्यासारखा असतो, त्या काळात तिकडचे लोक बेण्याचं पीक घेतात आणि मावा वाढायच्या आत पाला कापून टाकतात. आपल्याकडे तशी थंडी नाही. त्यामुळे आरणीतला खा, विका, पण त्याचं बेणं करू नका. आणि खरिपात काढलेला रब्बीला लावू म्हणाल तर तेही नाही, काढल्यावर दोन-अडीच महिने बटाटा झोपलेला असतो, डोळा उघडत नाही.

बेळगावचा_कुंदा

झोपलेला बटाटा! आमच्या घरात पण एक हाय, सोफ्यावर.

शेवंता_जुन्नर

उशिरा येतेय. मी दरवर्षी आरण लावते, या वर्षीही लावणार, म्हणून पाटलांच्या मूळ प्रश्नाला उत्तर देते, बाकी चर्चा छान चाललीय ती चालू द्या.

जागा: आंबा, चिंच, वड काहीही, पण दुपारी दोनची सावली बघायची, सकाळची नाही. सकाळी सावली सगळीकडेच असते. तुमची ट्रॉली हलवा.

आधी आठ दिवस त्या जागेवर रोज संध्याकाळी पाणी शिंपडायचं. ओली नाही करायची, गार करायची. शेवटचे दोन दिवस पाणी बंद, वरची माती कोरडी दिसली पाहिजे. मग तळाला कडुनिंब आणि घाणेरीचा सुकलेला पाला, त्यावर पाचटाचा पातळ थर.

बटाटा काढल्यावर लगेच आरणीत घालायचा नाही. सावलीत आठ-दहा दिवस ढीग लावून झाकून ठेवायचा, तेवढ्यात साल घट्ट होते, खरचटलेलं भरून येतं, आणि जे सडायचे ते आधीच सडून दिसतात. मग निवड. निवडीला घाई केली की आरण बसलीच म्हणून समजा. कुदळ लागलेला एक बटाटासुद्धा आत जाता कामा नये, तो माईच्या सूनबाईंकडे पाठवा.

मोठी एक आरण लावू नका. लहान लहान चार लावा. एक बसली तर तीन राहतात. उंची माझ्या कमरेपर्यंत, त्याहून जास्त नाही, खालचे दबतात आणि ऊब धरते. मधोमध तुरकाठ्यांची पेंडी उभी करायची, तिचं टोक पाचटाच्या बाहेर. आतली गरम हवा तिथून निघते. आता लोक भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप घालतात, तोही चालतो, पण तुरकाठ्या घरच्या असतात.

वर पाचट जाड. ऊन आत दिसलं नाही पाहिजे.

बघायचं कसं? रोज उकरायचं नाही, हे सगळे चुकतात. रोज फक्त नाक. सकाळी जवळून गेलं की वास येतो, सडक्या बटाट्याचा वास लपत नाही. आठवड्यातून एकदा बाजूने पाचट सारून कोपरापर्यंत हात घालायचा. गार लागलं की परत झाकायचं. कोमट लागलं, किंवा हाताला चिकट ओल आली, तर त्याच दिवशी ती आरण मोडायची, उद्यावर नाही. वळवाचा पाऊस यायच्या आत सगळं रिकामं. मी अक्षय तृतीयेनंतर ठेवत नाही, फार तर मेचा मध्य. जूनपर्यंत टिकवतात लोक, पण तोवर कोंब एवढे लांब येतात की बटाटा सुरकुततो.

तुम्ही म्हणता दहा माणसं लागतात. आमच्या घरात मी आणि मालक. लावायला आणि मोडायला माणसं लागतात, ती मजुरीने मिळतात. बघायला एकच माणूस लागतं, पण ते रोज तिथलं पाहिजे. शनिवार-रविवारवाल्याचं काम नाही ते, राग मानू नका.

काकडीवाला

शेवंताताई, वाखु (वाचनखूण) साठवली. शेवटची ओळ पाटलांना कुठेतरी लागली असणार.

पाचट_पाटील

लागली, पण बरोबर जागी. वहिनीला धागा वाचायला दिला. ती म्हणाली, मी गोठ्यात जाताना रोज चिंचेखालूनच जाते, मला कोणी विचारलंय का? परिषदेत तिला बोलावलंच नव्हतं.

तर ठरलं ते असं. पुखराज काढला की लगेच विकायचा, साठवायचाच नाही. ज्योतीतला मोठा हिस्सा भावाच्या म्हणण्याप्रमाणे स्टोरेजला. बाकी ज्योतीच्या दोन लहान आरणी, देखरेख वहिनीकडे, आणि आरणीतल्या मालाचे पैसेही तिच्याकडे, ही तिची अट. भावाने जरा कुरकूर केली. वडील खूश आहेत पण दाखवत नाहीत. काकू, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

खडूस_आजोबा

अट योग्य आहे. (हे सासऱ्यांनीच सांगितलंय, मी माझ्या मनाचं टाकलेलं नाही. सून.)

गणिताचा_तास

दोन आरणी म्हणजे तोटा झाला तरी झेपण्याइतका. चालेल. घालताना वजन करा आणि मोडताना पुन्हा करा, आकडे इथे टाका. दरवर्षी नुसत्या आठवणी येतात, आकडा कोणी देत नाही.

माती_परीक्षक

आणि पाला रानाबाहेर.

माईची_सून

पाटील, निवडीतला बदला माल किती निघेल अंदाजे? मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मला दोन गोण्या किसाला हव्यात. राजगुरुनगर स्टँडपर्यंत आणून दिलात तर पुढचं आम्ही बघू. भाव मात्र बदल्याचाच लावायचा, गोळ्याचा नाही.